पऱ्हाटीची पानं भेंडीसारखी झाली : कारण कसं ओळखायचं आणि फवारा आपल्या धुऱ्याच्या आत कसा ठेवायचा

प्रश्न नागपूर जिल्ह्यातल्या काटोल तालुक्यातल्या एका कापूस उत्पादकाचा आहे. चार एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. पश्चिमेला शेजाऱ्याची संत्र्याची बाग, उत्तरेच्या धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, दुसऱ्याचं सोयाबीन. ऑगस्टच्या शेवटी पश्चिमेकडच्या तासांची (ओळींची) शेंड्याची पानं भेंडीच्या पानासारखी अरुंद झाली, पात्या (फुलाच्या कळ्या) गळू लागल्या. बागवाला म्हणतो, मी तणनाशक मारलंच नाही. सोयाबीनवाल्याने धुऱ्यावरच्या गाजरगवतावर काहीतरी मारलं होतं, पण ते उत्तरेला. कृषी केंद्रात व्हायरस सांगून दोन औषधं दिली. आता ते विचारतात, हे नेमकं कशाने झालं, पऱ्हाटी ठेवावी की मोडावी, पुढच्या वर्षी हे टाळायचं कसं, आणि गावात गटाने ड्रोनची फवारणी घ्यायचं चाललं आहे त्यात सामील व्हावं का.

भाऊ, पऱ्हाटी मोडू नका, आणि व्हायरसची ती दोन औषधं आजच थांबवा. पान मुरडणारा विषाणू हा मुख्यतः पंजाब, हरियाणा, राजस्थानच्या कापूस पट्ट्यातला त्रास आहे. त्यात पानाच्या शिरा जाड होतात आणि पान वाटीसारखं वळतं, पण त्याची बोटं होत नाहीत. शिवाय झाडात शिरलेल्या विषाणूवर कुठलीही फवारणी चालत नाही. तुम्ही सांगता ते लक्षण, म्हणजे नवीन पान अरुंद, शिरा एकमेकींना समांतर आणि जवळजवळ, पातीची बाहेरची पानं लांबट, हे २,४-डी या तणनाशकाचं आहे. कपाशी या रसायनाला इतकी हळवी आहे की तणासाठीच्या मात्रेचा हजारावा भाग पोचला तरी शेंडा बोलू लागतो. तुडतुड्यांनी केलेल्या नुकसानीशीही याची गल्लत होते. तुडतुड्यात पानाच्या कडा पिवळ्या-लाल होऊन खाली वळतात, पानाचा आकार मात्र कपाशीचाच राहतो आणि पान उलटलं की कीड दिसते.

आता २,४-डी आलं कुठून? इथे घाईने शेजाऱ्याचं नाव घेऊ नका. आधी वावरात पायी फिरा आणि नुकसानीचा नकाशा वाचा.

वाऱ्याने आलेला फवारा एका कडेला सर्वात जास्त लागतो आणि आत जाता जाता कमी कमी होतो. पहिल्या तासांत सगळी झाडं बिघडलेली, दहा-वीस तासांनंतर एखाद-दुसरं पान, पुढे स्वच्छ, असं चित्र असेल तर तो वाऱ्याचा फवारा. याउलट दोष तुमच्याच पंपात असेल, म्हणजे आधीचं तणनाशक त्यात राहिलं असेल, तर चित्र वेगळं येतं. ज्या जागी पहिला पंप सुरू केला तिथे सर्वात जास्त, दुसऱ्या पंपाच्या पट्ट्यात कमी, तिसऱ्यात आणखी कमी, आणि हे पट्टे तुमच्या फवारणीच्या दिशेने पडतात, धुऱ्याशी त्यांचा संबंध नसतो. सगळं वावर सारखंच बिघडलं असेल तर औषधाच्या बाटलीतच गडबड होती का, की कुणीतरी टाकीत, ड्रममध्ये तणनाशक कालवलं होतं, हे तपासावं लागतं. चौथं एक चित्र असतं. कड स्पष्ट नाही, पण दूरदूरपर्यंत हलकं हलकं लक्षण, शेजारच्या दोन-तीन वावरांतही तेच. हे वाफेचं लक्षण आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

धुऱ्यावरची इतर झाडंही साक्ष देतात. तूर, टोमॅटो, वांगं, एरंडी ही रुंद पानांची झाडं पिळवटलेली असतील आणि ज्वारी, मका, गवत जसंच्या तसं असेल तर शंका उरत नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा : बिघाड दिसतो तो फवारणीनंतर निघालेल्या पानांवर. त्या दिवशी पूर्ण उमललेली पानं बहुधा चांगलीच राहतात. म्हणून शेंड्यापासून खाली किती पेरांपर्यंत पानं बिघडली आहेत हे मोजलं की तारखेचा अंदाज येतो. आठवडा-दीड आठवडा मागे जाऊन त्या दिवसात कोणी काय फवारलं, वारा कुठला होता, हे आठवा.

तुमच्या वर्णनात पश्चिमेची तासं बिघडली आहेत आणि ऑगस्टचा महिना आहे. आपल्याकडे पावसाळ्यात वारा साधारणपणे पश्चिमेकडून येतो, म्हणजे फवारणाऱ्याच्या पूर्वेला जो असेल त्याच्यावर पडतो. उत्तरेच्या धुऱ्यावरून तुमच्या फक्त पश्चिमेच्या तासांवर पडणं अवघड आहे. आणि बागवाला खरं बोलत असेल! त्याने तणनाशक मारलं नाही, पण त्याने फळगळीसाठी फवारणी केली का, हे तुम्ही विचारलंत का? आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांपासून आलेल्या फळांची) गळ थांबवायला २,४-डी किंवा जिब्रेलिक ॲसिड हे संजीवक यापैकी एक, १०० लिटर पाण्यात १.५ ग्रॅम, सोबत १ किलो युरिया, अशी शिफारस नागपूरच्या संत्रा पट्ट्यात वर्षानुवर्षं चालत आलेली आहे आणि ऑगस्ट-सप्टेंबर हा तिचाच काळ आहे. बागायतदाराच्या डोक्यात हे ‘फळगळीचं औषध’ असतं, तणनाशक म्हणून तो त्याकडे पाहतच नाही. त्यामुळे विचारलं की तो मनापासून नाही म्हणतो, आणि दोघांत विनाकारण वैर येतं.

गव्हात तणासाठी २,४-डी मारताना १ लिटर पाण्यात साधारण १ ग्रॅम क्रियाशील घटक, म्हणजे निव्वळ २,४-डी, जातो. बागेच्या शिफारशीत तोच १ ग्रॅम जवळपास ६७ लिटर पाण्यात असतो. म्हणजे बागेतलं द्रावण बरंच पातळ आहे. पण ते मारलं जातं एचटीपी या जास्त दाबाच्या पंपाच्या गनने, झाडाच्या शेंड्यापर्यंत, जोरदार दाबाने, आणि अंदाजपंचे ‘थोडं जास्त टाकू’ म्हणून मात्रा वाढवली की पलीकडच्या कपाशीला पुरेसं होतं. म्हणून शेजाऱ्याशी बोलताना मागणी एकच ठेवा : कपाशीच्या बाजूच्या ओळींना २,४-डी ऐवजी जिब्रेलिक ॲसिड वापरावं. शिफारशीत ते बरोबरीने दिलेलं आहे, त्याची फळगळ तशीच आवरते, आणि कपाशीची पानं त्याने भेंडीसारखी होत नाहीत. ते पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून घ्यावं लागतं, म्हणून लोक कंटाळा करतात. तेवढा कंटाळा सोडायला त्यांना तयार करा.

या वर्षीच्या पिकाचं

बिघडलेले शेंडे चार ते सहा इंच खुडून टाका, म्हणजे खालच्या फांद्यांना जोर येईल. १० लिटर पाण्याला १०० ग्रॅम युरियाची हलकी फवारणी द्या, गरज वाटली तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा. ओलिताची सोय असेल तर पाण्याचा ताण पडू देऊ नका. वाढ थांबवणारी, वाढवणारी कुठलीही संजीवकं आता नकोत. झाड आतून आधीच गोंधळलेलं आहे.

पाती लागायच्या आधी ही बाधा झाली असती तर झाड बहुतेक सावरलं असतं, फक्त उशीर झाला असता. तुमचं पीक फुलं-पात्यांवर असताना झाली आहे, तेव्हा त्या तासांत काही उत्पन्न जाईल, हे स्पष्ट सांगतो. पण उरलेलं वावर चांगलं आहे. एक धोका मात्र लोक विसरतात. बाधित तासांना बोंडं उशिरा लागतात, आणि उशिराची बोंडं म्हणजे गुलाबी बोंडअळीला आमंत्रण. त्या बाजूला कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा, आठवड्याला हिरवी बोंडं फोडून पाहा, आणि फरदड घेण्याचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी राखण्याचा, विचार मनातून काढून टाका.

फवारा उडतो का

आपल्याकडे एक समजूत फार खोल रुजली आहे की जितका बारीक, धुक्यासारखा फवारा तितका तो चांगला. पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप विकणारेही हेच दाखवून विकतात. शेजाऱ्यांमधल्या निम्म्या भांडणांचं मूळ मला या समजुतीत दिसतं. वारा आपल्या हातात नाही, पण थेंब किती मोठा पडेल हे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

हिशेब बघा. ताशी ५ किलोमीटर, म्हणजे अगदी मंद वाऱ्यात, ३ मीटर उंचीवरून सोडलेला ४०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब दोन सेकंदांत खाली येतो आणि जेमतेम अडीच मीटर सरकतो. १०० मायक्रॉनच्या थेंबाला दहा सेकंद लागतात, तो १३ मीटरवर जाऊन पडतो. २० मायक्रॉनचा थेंब चार मिनिटं हवेत तरंगतो आणि तीनशे मीटरच्याही पुढे जातो, म्हणजे दोन वावरं ओलांडून. हे झालं थेंब वाळला नाही तर. ३० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर १०० मायक्रॉनच्या थेंबातलं पाणी पंधरा-सोळा सेकंदांत उडून जातं. आपल्या ऑक्टोबर हीटमधली दुपार याहून कोरडी आणि तापलेली असते. थेंब लहान होत जातो, आणखी दूर जातो, आणि त्यातलं औषध मात्र आहे तेवढंच असतं.

दाब वाढवला की थेंब बारीक होतो. दाब दुप्पट केल्याने औषध दुप्पट पडत नाही, साधारण १.४ पटच पडतं. बाकीचा जोर थेंब फोडण्यात जातो. म्हणून तणनाशकाला १ ते १.५ बारच्या (बार हे दाबाचं माप) वर जाऊच नये. त्यासाठी फ्लॅट फॅन किंवा फ्लडजेट नोझल वापरा, ज्याला आपल्याकडे तणनाशकाचा नोझल किंवा कट नोझल म्हणतात. कीटकनाशकाला पानाच्या दोन्ही बाजूंना पोचायचं असतं, तिथे पोकळ शंकूचा नोझल आणि ३ बारच्या आसपास दाब ठीक आहे. पण तोच शंकूचा नोझल ठेवून तणनाशक मारणं म्हणजे शेजाऱ्याच्या वावरात तणनाशक पाठवणं. आता हवा ओढणारे एअर इंडक्शन नोझलही मिळू लागले आहेत. ते जाड थेंब पाडतात. ट्रॅक्टरच्या बूमवर (नोझल लावलेल्या आडव्या दांडीवर) तणनाशक मारणाऱ्याने ते घ्यावेतच, आणि बूम पिकाच्या वर अर्ध्या मीटरच्या आसपासच ठेवावा. पेट्रोल पंपाने तणनाशक कधीच मारू नये. बॅटरी पंप चालेल, पण त्याच्या दाबाचं बटण कमीवर ठेवा आणि नोझलवर प्लास्टिकचं हूड (फवारा झाकणारं टोपण) लावा. बाजारात हूड फार महाग नसतं, आणि तासांमधून तणनाशक मारताना त्याच्याइतका उपयोगी दुसरा कोणताच तुकडा नाही.

नोझल झिजला की त्याचं चित्र बिघडतं. एक मिनिट पाणी मापात धरा. नव्या नोझलपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त पडत असेल तर बदला. ‘स्टिकर टाकलं की औषध उडत नाही’ असं दुकानात सांगतात, तेही खरं नाही. स्टिकर-स्प्रेडरने औषध पानावर पसरतं. हवेतला थेंब त्याने जड होत नाही, उलट बऱ्याचदा अधिक बारीक होतो.

वारा, आणि वारा नसणं

वारा मोजायचं यंत्र नसलं तरी चालतं. धूर तिरका जातो पण झाडाचं पान हलत नाही, तेव्हा वारा ताशी ५ किलोमीटरच्या आत असतो. तोंडाला वारा लागतो आणि पानं सळसळतात तेव्हा ६ ते ११. बारीक फांद्या सारख्या हलत राहतात तेव्हा १२ ते १९. धूळ आणि कागद उडू लागले की २० च्या वर. फवारणीसाठी पानं जेमतेम सळसळतील इतका, एका दिशेने स्थिर आणि हळव्या पिकापासून दूर जाणारा वारा उत्तम. फांद्या हलू लागल्या की पंप खाली ठेवा, मग औषध कालवलेलं असो वा नसो. कालवलेलं औषध वाया जाईल म्हणून मारलेल्या शेवटच्या दोन पंपांनीच बहुतेक वेळा घात केलेला असतो. म्हणून एका वेळी एकाच पंपाचं कालवा.

आता ज्याबद्दल कुणी सांगत नाही ते. पूर्ण शांत हवा ही सर्वात धोक्याची हवा आहे. दिवस मावळला, आकाश निरभ्र आहे, वारा पडला, की जमीन थंड होते, तिच्या लगतची हवा थंड होऊन खाली बसते आणि वर ऊबदार हवेचं झाकण बसतं. गावातल्या चुलींचा धूर वर न जाता छपरांच्या उंचीवर आडवा पसरून राहतो, ते हेच. अशा हवेत सोडलेले बारीक थेंब खाली पडत नाहीत आणि विरतही नाहीत, सगळे मिळून तरंगत राहतात आणि मग जिकडे उतार तिकडे सरकतात, अर्धा-एक किलोमीटरवरही. सूर्यास्ताच्या आधीच ही स्थिती सुरू होऊ शकते आणि सकाळी ऊन चांगलं वर येईपर्यंत टिकते. आपल्याकडे ऑक्टोबरनंतर ती वारंवार असते. पहाटे धुई (धुकं) पडली असेल तर तणनाशक मारूच नका. रब्बीत नऊच्या सुमारास, दव वाळल्यावर, धूर वर जाऊ लागला की सुरू करून साडेअकरा-बाराला थांबणं मला सर्वात सुरक्षित वाटतं. एक काटकी-पाल्याचा छोटा धूर धुऱ्यावर करून पाहिला की दिशा आणि स्थिती दोन्ही कळतात. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, त्यात वाऱ्याचा वेग आणि दिशा दिलेली असते. पावसाचा आकडा पाहून लोक कागद ठेवून देतात. खालची ओळही वाचत चला.

रब्बीचं आणखी एक. गव्हाला पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्यात २,४-डी मारतात, म्हणजे डिसेंबर. तेव्हा कपाशी, तूर, हरभरा सगळं उभं असतं आणि वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडचा असतो. आता दक्षिणेकडचा शेतकरी धोक्यात येतो. तुमच्या उत्तरेच्या वावरात सोयाबीननंतर गहू येणार असेल तर आत्ताच बोलून ठेवा.

वाफ

२,४-डी तीन रूपांत मिळतं. सोडियम सॉल्टची भुकटी, अमाईन सॉल्ट आणि इथाईल इस्टर. पहिली दोन फारशी उडत नाहीत. इस्टर उडतं. फवारा व्यवस्थित पडला, वारा शांत होता, थेंब जाड होते, तरी दुपारच्या उन्हात पानावरून, मातीवरून त्याची वाफ होते आणि पुढचे काही तास, कधी दुसऱ्या दिवशीही सरकत राहते. मघाशी सांगितलेलं चौथं चित्र याचंच. फवारणाऱ्याने सगळी काळजी घेतलेली असते म्हणून तो मान्य करत नाही, आणि नुकसान तर समोर दिसतं. जिथे एक-दोन वावरांवर कपाशी, तूर, भाजीपाला आहे तिथे इस्टर विकतच घेऊ नये. बाटलीवर रूप लिहिलेलं असतं, वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. धुऱ्यावरच्या गाजरगवतासाठी तर २,४-डी ची गरजच नाही. फुलावर येण्याआधी उपटलं किंवा कापलं तर काम होतं. ग्लायफोसेटमध्ये २,४-डी मिसळून धुऱ्यावर मारायची जी पद्धत पडली आहे ती कापूस पट्ट्यात बंद झाली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पंप धुण्याबद्दल थोडक्यात. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, त्यावर लाल रंगाने लिहून. वेगळा नसेलच तर आधी दोन-तीनदा साध्या पाण्याने, मग धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून, नळीतून आणि नोझलमधून थोडं सोडून रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा धुवा. इस्टर मारलेल्या पंपाची रबरी नळी आणि वायसर धुतल्यानेही भरवशाचे होत नाहीत, बदला. भाड्याचा किंवा उसना पंप कपाशीत नेण्याआधी त्यात काय मारलं होतं ते विचारा. धुतलेलं पाणी विहिरीजवळ, नाल्यात टाकू नका.

आड, मोकळी पट्टी, आणि बोलणं

शेजारी कितीही चांगला असला तरी कडेला फवारा अडवणारा आड असावा. पूर्वी कपाशीच्या वावराला अंबाडीची, ज्वारीची तासं असायची. तूर लावतात तेही चांगलं, पण तूर रुंद पानाची आहे, २,४-डी ने ती स्वतःच बिघडते. या रसायनासाठी आड हवा तो गवतवर्गीय पिकाचा. पश्चिमेच्या धुऱ्याला उंच ज्वारी किंवा मक्याची तीन-चार तासं जूनमध्येच पेरा, म्हणजे ऑगस्टपर्यंत उंची येईल. बारमाही हवं असेल तर नेपिअर लावा, जनावरांना वैरणही होते. आड भिंतीसारखा गच्च नसावा. गच्च आडावरून वारा उसळून जातो आणि पलीकडे भोवऱ्यासारखा खाली येतो, औषध तिथेच टाकतो. अर्धा वारा आरपार जाईल असा विरळ आड थेंब गाळून घेतो.

फवारणाऱ्याने आपल्या बाजूने कडेची चार-पाच तासं त्या दिवशी सोडावीत आणि वारा उलटा असेल त्या दिवशी तेवढीच मारावीत. गनने बाग मारणाऱ्याने कडेच्या ओळीला बाहेरून आत, बागेकडे तोंड करून मारावं. यात खर्च काही नाही, फक्त एक फेरी जास्त होते.

आपल्या भागात जपायच्या गोष्टी कपाशीपुरत्याच नाहीत. रामटेककडे पानमळे आहेत, मामा (माजी मालगुजारी) तलावांत मासे आणि शिंगाडा आहे. सायपरमेथ्रीनसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधं माशांना अत्यंत विषारी असतात, तलावाच्या पाळीलगत मारली तर मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांची वर्षाची कमाई जाते. जानेवारी-फेब्रुवारीत संत्रा फुलावर असताना मधमाश्या बागेत असतात, तेव्हा शेजारच्या हरभऱ्यावरचं कीटकनाशक संध्याकाळी माश्या परतल्यावर, पण दिवस मावळून हवा बसायच्या आत मारावं लागतं. ही वेळ छोटी असते, साधावी लागते.

आणि फवारा उडाला की तो सर्वात आधी पडतो पंप पाठीवर घेतलेल्या माणसावर. २०१७ च्या खरिपात आपल्या विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर वाढली होती, दमट उकाडा होता, बारीक फवाऱ्याचे पंप होते, आणि माणसं त्या धुक्यातून पुढे पुढे चालत होती. म्हणून रोजदाराला सांगा, वाऱ्याकडे तोंड करून मारायचं नाही. वारा जिकडे जातो त्या टोकापासून सुरुवात करायची, वाऱ्याला आडवं चालायचं, आणि नळी वारा जाईल त्या बाजूला धरायची, म्हणजे प्रत्येक पुढचं तास कोरडं असतं. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा तुम्ही द्या, त्याच्यावर सोडू नका. डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, घाम, तोंडाला लाळ, असं काही झालं तर काम थांबवून कपडे काढा, अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली सोबत न्या. डॉक्टरला नाव कळलं तरच योग्य उतारा लवकर मिळतो.

शेजाऱ्याशी बोलणं फवारणीच्या आधी व्हावं. नुकसान झाल्यावरचं बोलणं हे भांडणच होतं. पोळ्याच्या आसपास सगळे गावात असतात. तेव्हा धुऱ्याला धुरा लागलेल्या चार-पाच जणांनी बसून कोणाचं कोणतं पीक कुठे आहे आणि कोण कधी काय मारणार हे एकमेकांना सांगावं. फोनवर आदल्या संध्याकाळी ‘उद्या सकाळी त्या बाजूला मारतो’ इतकं कळवलं तरी जनावरं, विहिरीवरचं पाणी, धुऱ्यावर निंदणाऱ्या बाया बाजूला करता येतात.

तरी नुकसान झालंच, तर पहिल्याच आठवड्यात फोटो काढा : एक धुऱ्यापासून आत जाणारा, म्हणजे कमी कमी होत जाणारं चित्र दिसेल, आणि काही पानांचे जवळून. तारीख, वाऱ्याची दिशा वहीत लिहा. कृषी सहायकाला बोलवा, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन पंचनामा मागा. ओळख पटवायला नागपूरलाच केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, बागेसाठी अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथले शास्त्रज्ञ पाहून सांगतात. पीक विम्यावर विसंबू नका. तो नैसर्गिक आपत्तीसाठी आहे, शेजाऱ्याच्या फवाऱ्यासाठी नाही. भरपाई समजुतीनेच होते, आणि समजूत घालायला कागद हाताशी असला की आवाज चढवावा लागत नाही.

ड्रोनचं

ड्रोनने माणूस विषारी धुक्यातून बाहेर येतो. डोक्याएवढ्या कपाशीत ही फार मोठी गोष्ट आहे आणि त्यासाठी मी ड्रोनच्या बाजूने आहे. पण ड्रोन एकरी साधारण १० लिटर पाण्यात काम उरकतो, जिथे पाठीच्या पंपाने १५०-२०० लिटर लागतं. इतकं कमी पाणी सगळीकडे पोचवायचं म्हणजे थेंब बारीक, द्रावण घट्ट, आणि सोडायची उंची पिकाच्या वर दोन-तीन मीटर. म्हणजे उडण्याची सगळी कारणं एकत्र येतात, आणि जे उडतं ते जास्त तीव्र असतं. ड्रोनने कीटकनाशक घ्या, पण वारा पानं सळसळण्याच्या वर गेला की थांबायचं, हे भाड्याच्या बोलण्यातच ठरवा. त्या पोरांना दिवसात जास्तीत जास्त एकर उरकायचे असतात, ते आपणहून थांबणार नाहीत. केंद्राच्या कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोन फवारणीची कार्यपद्धती जाहीर केली आहे. चालवणाऱ्याकडे ड्रोन चालवण्याचं प्रमाणपत्र आहे का, आणि घेतलेलं औषध ड्रोनने मारायला चालतं का, हे दोन्ही विचारा. बागेच्या, विहिरीच्या, घरांच्या बाजूची तासं ड्रोनमधून वगळा आणि पाठीच्या पंपाने मारा. तणनाशक, त्यातही २,४-डी, कपाशीच्या शिवारात ड्रोनने मारू देऊ नका. गटाची बैठक होईल तेव्हा हा एक ठराव तुम्हीच मांडा, आणि बागवाल्यालाही त्या बैठकीला सोबत न्या.